नखाएवढं खोल

सोसायटीचं यंत्र कडोलीत
येतं ते त्याच्या सवडीनं.
गेल्या वर्षी शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आलं,
आणि आलंय तर घ्या पेरून म्हणत
आम्हीही घेतलं.
भाताची खोडकं तशीच उभी,
नांगर नाही, कुळव नाही,
चीर पाडायची, बी सोडायचं, पुढं सरकायचं.

रात्री अजून गोधडी लागत होती.
माती वरून कोरडी, आतून गार,
चीर काही मिटली नाही.
बी उघड्यावर पडून राहिलं,
बसच्या सीटखाली चिल्लर पडून राहते तसं.
मुंग्यांनी मोजून नेलं.

यंदा शट्टुप्पाला सांगितलं,
माझा नंबर मागं टाक.
तो हसला. "गवतच ते वैनी,
गवताला कसला मुहूर्त गे?"

मुहूर्त नाही रे.
पण पहाटे मी अनवाणी उभी राहते शेतात
आणि टाचेला विचारते.
टाच आक्रसली, तर अजून नाही.
मूठभर माती दाबते,
गोळा अंगठ्यानं टोचला की फुटायला हवा.
चिकटून बसला, तर चाकं लिंपून जातील;
मुठीतच भुगा झाला, तर
बी मोड काढेल आणि तहानेनं मरेल.
या दोन्हींच्या मधे चार दिवस असतात.
कधी तीनच.

तोवर म्हशी सोडल्या,
जुनं रान बुडख्यापर्यंत खाऊ दिलं,
नव्याला ऊन दिसावं म्हणून.

बांधापलीकडचा बसलिंगाप्पा आभाळाकडं बघतो,
म्हणतो, "मळे इल्ल."
चंदगडाहून लग्न होऊन आले तेव्हा वाटायचं,
मळे नाहीत म्हणून कसला रडतो हा,
समोर सहा एकर पसरलेत की!
त्याचे मळे म्हणजे पाऊस.
माझे मळे त्याच्या मळ्यांवर अवलंबून.
आता मी नुसतं 'इल्ल' ऐकते
आणि मोटर किती तास चालेल ते बोटांवर मोजते.

शिमगा झाला. राख पांगली.
चिंचेला तांबूस पालवी आली.
आणि एका पहाटे टाच काहीच बोलली नाही.
शट्टुप्पाला फोन लावला: आज.

अंजनाचं बी पिसासारखं,
बोलता बोलता श्वासानं उडतं.
ओलसर वाळूत कालवून पेटीत भरलं.
"जरा खोल सोडतो, पाखरं खातील," तो म्हणाला.
मी करंगळीचं नख दाखवलं.
एवढंच.
त्याखाली गेलं तर त्याला वर यायची वाट सापडत नाही.

मागं साखळी बांधली होती.
मी यंत्रामागून चालत बघत गेले,
चीर मिटत होती
करंजीची कड दाबावी तशी.
संध्याकाळी हलकं पाणी, तुषारानं.
मग रोज थोडं. मग वाट.

नवव्या दिवशी उभ्यानं काही दिसेना.
गुडघ्यावर बसले, ऊन आडवं होतं,
आणि केसाएवढ्या हिरव्या रेघा
एकदम सगळीकडे.
मोजल्या.
अकराच्या जागी दहा.
एक नळी तुंबलेली, कुणाच्या ध्यानात आलं नाही,
बांधापासून बोअरपर्यंत एक ओळ कोरीच.

शट्टुप्पा वरमला. हातानं टोकून देतो म्हणाला.

राहू दे म्हटलं.
भारा डोक्यावर असला की खालचं दिसत नाही,
पाय ठेवायला
एक ओळ लागतेच.