पाठीकडून

गालिचा पुढून बघतं ते गिऱ्हाईक.
मी पालथा घालतो
आणि बोटांनी वाचतो.

हमदानच्या बाजारात, तांबटांच्या बोळामागे
माझं दुकान म्हणजे एक खिडकी, एक सुई
आणि साखरेचा खडा दाताखाली धरून
दिवसभर पुरवलेला चहा.

परवा नौझर आगांनी एक आणून टाकला.
शंभरी कधीच ओलांडलीय म्हणाले.
उंटाच्या लोकरीची जमीन,
मंजिष्ठेचा लाल अजून जागा,
आणि खाली, डाव्या कोपऱ्यात
समोवारातल्या निखाऱ्यानं पाडलेलं
तळहाताएवढं भोक.
"बुजवा. आणि शेजारचा तो पक्षी वाकडाय,
जमलं तर तोही सरळ करून टाका."

रात्री पालथा केला.
तर त्यात दोन हात होते.

उजवीकडचा जाणता. एकेक निरगाठ,
डाळिंबात दाणे बसावेत तशी बसलेली.
डावीकडचा कोवळा.
सुरगाठीसारख्या सैल गाठी, ओढली की सुटेल अशा,
कुठे दोनाऐवजी तीन ताणे कवेत घेतलेले,
पक्ष्याची मान मोजायची राहून गेलेली.
मागापाशी फळीवर शेजारी बसवली असणार
पाय जमिनीला न पोचणारी कुणी एक.

गालिचा खालून वर वाढतो,
म्हणून मीही वर सरकत गेलो.
वीतभर वर तिला पक्षी जमला.
दोन वितींवर निळा फिकट झाला:
दुसरी कढई, बहुधा दुसरं वर्ष.
आणखी हातभर वर
कुठली गाठ कुणाची, मलाही सांगता येईना.

आणि मग, माथा चार बोटं उरलेला असताना
उजवा हात थांबतो.

ओळ तुटत नाही.
तीच ओळ डावीकडची पुढे नेते
पार उजव्या काठापर्यंत,
जरुरीपेक्षा थोडी घट्टच.

काय झालं असेल, ठाऊक नाही.
लोकरीत एवढंच लिहिलेलं असतं.
गिऱ्हाइकाला नौझर आगा सांगतील काहीतरी,
त्यांना ते जमतं.

मी भोकात नवे ताणे भरले,
डाळिंबाच्या सालीत पिवळा उकळला,
आणि गाठी मारायला बसलो.
सुरेख आल्या. उसवल्या.
पुन्हा सुरेखच आल्या.
चाळीस वर्षांचा हात, चुकायलाच तयार होईना;
भोवती त्या पोरीच्या गाठी आणि मधोमध माझ्या,
लगोरीच्या डावात घुसलेल्या दाढीवाल्यासारख्या.

तिसऱ्या दिवशी सुई डाव्या हातात घेतली.
शापूर, माझा शिकाऊ, खुदकन हसला:
"उस्ताद, वाकडं येतंय."

येऊ दे, म्हटलं.
दिवा जरा जवळ आण.

पक्षी होता तसाच ठेवला.
नौझर आगांना सांगितलं, नाही जमलं.
त्यांनी मजुरी कापली,
चहा मात्र माझाच प्यायले.