मगरीची वाट

खेळ अजून अर्धाच आहे.
मगर विश्वामित्रीतून वर येते,
पुरात बुडालेल्या फतेगंजच्या एका गल्लीत शिरते
आणि तिथेच थांबते.
पुढचं मी केलेलं नाही.

तरी लोकांना आधीच सांगून ठेवायचं असतं म्हणे.
तन्वंगी म्हणते, केळवण लग्नाआधीच असतं ना, तसं.
रोज एक चित्र टाक. आज डोळा टाक. शेपूट उद्या.
सगळी मगर एकदम दाखवू नकोस.

वाट बघणाऱ्यांच्या यादीत एक्केचाळीस जण.
त्यातली सहा माझी मावसभावंडं,
एक मी.

म्हणून शनिवारी लॅपटॉप घेऊन
दामूकाकांच्या सेवउसळीच्या ठेल्यावर.
तर्रीचे शिंतोडे उडतात,
कीबोर्डवर प्लास्टिक.
'तीनच मिनिटं खेळून बघा,' म्हणतो मी.
लोक म्हणतात, अजून दोन पाव.

एक ध्रुमिल तेवढा थांबला.
दप्तर पाठीवरच, बोटं तिखट.
मगरीला गल्लीच्या टोकापर्यंत नेतो,
पडदा काळा होतो,
तो पुन्हा नदीपासून सुरू करतो.
चौथ्यांदा पडदा काळा झाल्यावर:
'आ मगर घेर क्यारे पहोंचशे?'

दिवाळीनंतर, म्हणालो.
त्याला ते पटलं नसावं.
कागदी प्लेट उलटी करून
त्यानं पेनानं पाण्यावर एक दार काढलं,
मान तिरकी करून बघितलं,
मग शेपटीसाठी
जरा रुंद केलं.

रात्री तन्वंगीनं विचारलं, आज किती?
आकडा तोच होता.
प्लास्टिकवरचा रस्सा पुसून मी
प्लेटवरच्या दाराला
पट्टी लावत बसलो होतो.