चिमटा

कुओपिओत डिसेंबरात दुपारी तीनलाच अंधारून येतं.
मशीनवरचा दिवा तेवढा पिवळा,
आणि दारात ओइवा, बुटांचा बर्फ झाडत,
काखेत स्की-उडीचा सूट.
"कमरेत चिमटा घ्या. सैल झालाय."

सूट सैल होत नसतात, बाळा.
पण मी टेप घेतली.

वहीत त्याचं पान आहे.
ऑगस्ट, बहात्तर.
ऑक्टोबर, एकोणसत्तर.
आज पेन्सिल चालेना. टोक केलं,
मग लिहिलं.

बावीस वर्षं या उडणाऱ्या पोरांचं शिवतेय.
कापड अंगापासून किती सुटलंय
हे पंचांच्या आधी माझ्या बोटांना कळतं.
वजन फार कमी भरलं तर स्की आखूड देतात,
म्हणून काट्याच्या दिवशी ही मुलं
नळाला तोंड लावून लिटर-लिटर पाणी पितात,
डचमळत उभी राहतात,
आणि नाव पुकारलं की पळतात मोरीकडे.
कोच म्हणतो, एक किलो म्हणजे दोन मीटर.

पाठीवर टेप धरताना हाताला लव लागली,
मऊ, पाडसाच्या अंगावरची.
सतरा वर्षांच्या पोराला ही नसते.
आत शेकोटी विझली की कातडी
स्वतःच काहीतरी विणायला घेते.

"जेवलास?"
"हो, आत्ताच. घरून."
किती सरळ टाका.

माझ्या आईनंही पोटाला चिमटा काढला होता,
पण तेव्हा डब्यात पीठ नव्हतं.

जाताना म्हणाला, कोटाचा खिसाही फाटलाय.
रात्री उसवला.
अस्तराच्या आत, पार खालच्या घडीपर्यंत,
राईच्या पावाचे तुकडे, वाळून खडे झालेले.
लोणी लावलेले. एकावर दाताची खूण,
चावून परत काढलेला.
हेल्वीच्या हातचा पाव. शहाजिरं तीच एवढं घालते.

मेणकापडावर ते सगळे ओतले.
मापं घेण्यात जन्म गेला माझा,
पण हे मोजवेना.

खिसा शिवला. सुटाला टाचण्या लावल्या,
काढल्या, पुन्हा लावल्या,
शेवटी डबीत टाकल्या.
शनिवारी स्पर्धा. सैल सुटात त्याला बाद करतील.
तो मला तोंड दाखवणार नाही, कदाचित कधीच.

हेल्वीचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर आहे.
रिंग जातेय.
काय बोलू? पहिलं वाक्य सापडत नाही.
हेल्वी, मी बोलतेय, शिवणवाली.
तुझ्या पावातलं शहाजिरं
ओळखलं गं मी.