खिशात मावेल एवढं

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात
स्टोअरच्या मागच्या खोलीत सर्व्हर राहतो.
एसी फेब्रुवारीत गेला. आता मे आहे.
टेबलफॅनचं तोंड माझ्याकडे नाही, त्याच्याकडे आहे.

रात्री पावणेदोन. मेल बाहेर जात नाहीत.
तीनशे अठरा पत्रं रांगेत,
पाण्याच्या दिवशी नळावर घागरी असतात तशी,
पुढं काय अडलंय ते एकीलाही माहीत नाही.
सकाळी कंटेनर निघायचा, कागद त्याआधी पोचायला हवेत.
लँडलाइनवर मालकांचा तिसरा फोन: झालं का गं?

नेटवर बघ की, म्हणतात सगळे.
अहो, नेट याच यंत्रातून येतं.
विहिरीत पडलेल्यानं दोर आणायला गावात जायचं का?
आणि पत्र्याच्या शेडखाली फोनला रेंज
फक्त दारातल्या तिसऱ्या पायरीवर, एक काडी.

म्हणून ड्रॉवर उघडला.
जुनी बिलबुकं, तुटका पेचकस, शेंगाचटणीची रिकामी पुडी,
आणि ते पुस्तक.
पोस्टकार्डाहून लहान, कडा मेणचटलेल्या.
यादगिरी चिट्यालचं. माझ्याआधी नऊ वर्षं तोच होता इथं.
हैदराबादला गेला, पासवर्ड देऊन, पुस्तक विसरून.
की ठेवून? माझं अजून ठरलेलं नाही.

यात गोष्ट नाही. प्रस्तावना दीड पान.
मग नुसते शब्द, शब्दापुढं त्याची किंमत,
आणि किंमत न दिल्यास काय होईल.
जाड पुस्तकं सांगतात सर्व्हर म्हणजे काय.
ते मला दुपारी हवं असतं, पगार वेळेवर झालेल्या महिन्यात.
रात्री हवी असते दारातूनच बोलणारी शेजारीण:
आत येत नाही, बसत नाही,
"मीठ डाव्या फळीवर" एवढं सांगून जाते.

पाठीवर टाकलं तर आपोआप उघडलं,
पान एकाहत्तर. शिवण तिथंच मोडलेली, कपाचं अर्धं वर्तुळ.
माणूस जिथं अडतो, तिथं उघडायला पुस्तक शिकतं.
समासात पेन्सिलीची एक ओळ. तेलुगूत.

मला तेलुगू ऐकून कळतं, वाचता येत नाही,
अशोक चौकात वाढलेल्या निम्म्या पोरांसारखं. आणि कळतं तेही अर्धंच.

गेटवर राजमल्लूकाका. तेलुगू शाळेत चौथी,
मग चाळीस वर्षं माग, आता ही काठी.
टॉर्च लावून, पुस्तक हातभर लांब धरून
अक्षराला अक्षर जोडत म्हणाले:
"मुंदु... खाळी... वद्दु."

खाली नको! धावत आले, फाइलच्या तळाशी गेले,
खालच्या सहा ओळी उचलून वर नेल्या,
सर्व्हर बंद, सर्व्हर चालू.
तीनशे एकोणीस.

काका मागून पाण्याची बाटली घेऊन आलेले.
"खाली नाही गं. खाळी. रिकामं.
पुढं रिकामं सोडू नको, म्हणतोय तो."

परवा माझ्याच हातून, एका ओळीच्या सुरुवातीला,
एक मोकळी जागा राहिली होती.
पान एकाहत्तर, तळटीप, मुंगीएवढा टाइप:
रिकाम्या जागेनं सुरू होणारी ओळ
आधीच्या ओळीचाच भाग धरली जाते.
ओरडत नाही. निमूट चिकटते.

एकदा खोडलं.
तीनशे एकोणीस, दोनशे चाळीस, नव्वद, अकरा.
पलीकडच्या शेडमधले माग चालूच होते, त्यांना काय त्याचं.

काकांनी पुस्तक तळहातावर तोललं.
"आमच्या जॉबरकडं असंच होतं, खाकी खिशात.
कुठल्या मापाला किती दातांचं चाक.
दाखवायचा नाही कुणाला. मेला,
बायकोनं रद्दीत घातलं का काय,
आठ दिवस चार माग उभे."

मी पेन्सिल शोधली.
यादगिरीच्या ओळीखाली, जमेल तितक्या बारीक, मराठीत लिहिलं:
खाळी म्हणजे रिकामं.

"खालीच लिहिलंस की," काका हसले.
"खाली चालतं," म्हणाले.