गरम भांडं

आमच्या भाषेत त्याला गरम भांडंच म्हणतात.
जमिनीच्या पोटातून आलेलं पाणी, एकोणचाळीस अंश,
आणि वर तरंगणारी सहा-सात म्हातारी डोकी.
डिसेंबर. सकाळचे साडेसहा.
सूर्य अकराशिवाय उठत नाही,
आम्ही उठतो.

केटिलची जागा नळीजवळची,
पाणी उसळून थेट पाठीला लागतं तिथे.
बायको गेल्यावर त्याने ती मागितली नाही, घेतली.
आम्ही सरकलो.
स्टेनुन फक्त म्हणाली, "पाय आवर."

गुडघे, नातवंडं, कॉड माशाचा भाव,
रात्री कोण किती वेळा उठतं,
सगळं इथे निघतं. अंगावर चिंधीभर कपडा,
लपवायचं काय आणि कुठे?
मी चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते:
दोघांना जोडून द्यायचं, आपण ऐकायचं नाही.
इथे सगळे एकदम बोलतात
आणि वायर कुणालाच नाही.

मंगळवारी नळीजवळचं पाणी
मोकळंच उसळत राहिलं.
सात वाजले.
आम्ही हवामानावर बोललो. पुन्हा हवामानावर.
थोरगेरचं घड्याळ कपाटात होतं,
तरी त्याने मनगट पाहिलं.

मग त्याच्या दारात आम्ही चौघं,
ओल्या केसांच्या काड्या झालेल्या.
दार नुसतं लोटलेलं.
तो स्वयंपाकघरात, एका पायात मोजा,
दुसरा हातात.
"वाकता येत नाही?"
"येतं."
"मग?"
"कशासाठी, ते आठवेना."

डॉक्टरीणबाईंनी हे लिहून घेतलं असतं.
(घेतलंही, गुरुवारी. गोळी चालू आहे, गोळी चांगली आहे.)
त्या सकाळी मात्र स्टेनुन खाली बसली,
तिचा गुडघा खोलीभर कुरकुरला,
आणि तिने तो मोजा चढवला त्याच्या पायावर,
लेकराला चढवतात तसा नाही,
जाळं ओढतात तसा,
एक शिवी हासडून.
"तू नसलास की पाणी काठावरून सांडत नाही," म्हणाली,
"पातळी उतरते. खांदे गारठतात माझे."

तो हसला नाही.
टॉवेल शोधू लागला.

तो उतरला तेव्हा पाणी बोटभर चढलं.
माझ्या हनुवटीला लागलं, म्हणून कळलं.
जीव भांड्यात पडला म्हणतात
तो असा, शब्दशः,
वाफेत, क्लोरीनच्या वासात,
कुणाचा तरी थंडगार पाय
आपल्या पायावर पडतो तेव्हा.

मग नळीवरून भांडण झालं.
थोरगेरला तोवर तिची सवय लागली होती.