पाच मिनिटांची पट्टी

आर्ब्रोथ. मासे धुरी देणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी
माझी खोली: अंधारी, अक्षरांचा एक उजळ तक्ता,
आणि खुर्चीत एल्स्पेथ स्पिंक, वय सत्त्याऐंशी.
तक्रार: डोळ्यांत रोज वाळू.

खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवायची,
दोन्हीकडे एकेक,
आणि पाहायचं, पाच मिनिटांत आसू किती मिलिमीटर चढतात.
"डोळे मिटा," मी म्हटलं, "बोललात तरी चालेल."
चूक माझीच.

"बाहेर पाटी लावलीयत तुम्ही,
येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हसून ग्रीट करतो.
आमच्या बोलीत ग्रीट म्हणजे रडणं, पोरी.
चष्म्याचे भाव बघता
पाटी खोटी नाही."

शाळेत हा शब्द तोंडून गेला म्हणून
बाईंनी चामड्याचा पट्टा ओढला होता, तळहातावर दोन.
नीट बोल. क्राय म्हण.
"पण क्राय म्हणजे आमच्यात हाक मारणं!
मग मी रडतच हाका मारल्या, की हाका मारत रडले,
ते बाईंनाही कळलं नसावं."

पट्टी: उजवी एक, डावी कोरडी.

मग ती मोजत बसली, मिटल्या डोळ्यांनी,
हेरिंगचे मासे टोपलीत टाकावेत तशी.
गर्न: नुसती पिरपिर, दात येणाऱ्या पोराची किंवा दिराची.
बबल: नाक आणि डोळे एकाच कामाला लागलेले.
ब्लर्ट: एकदम कोसळलेलं रडू,
आणि वाऱ्यासकट झोडपणारी सरही तीच,
बंदरावर दोघींत फरक करत नाहीत.
ग्रीटिन-फू: चौथ्या ग्लासानंतरचा डॉड,
माझा नवरा. पाचव्याला गायचा.
आणि बिग्रटन,
रडून रडून रया गेलेला चेहरा.
"तो मी आरशात दोनदाच पाहिलाय.
दुसऱ्यांदा आरसा उलटा केला."

बाकी चाळीस वर्षं धुराच्या खोलीत
हॅडॉकच्या जोड्या काठीला टांगताना जे वाहिलं
ते ती धरत नाही.
ते मालकाच्या खात्यात.

"तुमच्याकडे काय म्हणतात?"

मी मिरजेची, डोळ्यांचं शिकलेली,
आसवातलं मीठ, तेल, पाणी, थर पाठ असलेली.
म्हटलं, मुसमुसतात, भिंतीकडे तोंड करून.
भोकाड असतं, ते पसरतात.
हंबरडा, तो फोडतात.
आणि गळा काढतात.
"कुठून काढतात?" तिनं गंभीरपणे विचारलं.
आणि ओक्साबोक्शी, मी म्हटलं, सगळ्यात शेवटी.

"ओक्सा... बॉक्सी?"
पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना
खुर्ची हलायला लागली,
हसण्यानं खांदे उडाले आणि पट्ट्या सरसर भिजल्या,
अकरा, चौदा, डावीसुद्धा.

हे नोंदवायचं कुठे? रकाना नाही त्याला.
तपासणी बाद, पुढच्या गुरुवारी परत,
आणि यावेळी न बोलता, असं मी बजावलं.
थेंबांची बाटली तिनं कोटाच्या खिशात टाकली.

दाराशी वळून म्हणाली,
"व्हॉट डू दे क्राय यू?"
नव्हतं ठाऊक तेव्हा पहिल्या भेटीत मला वाटलं होतं,
ही विचारतेय, काय म्हणून रडतात तुला.
आता कळतं: नाव काय तुझं, एवढंच.

मृण्मयी, मी म्हटलं.
तिनं प्रयत्न केला. जीभ अडकली. सोडून दिला.
"घरी काय हाक मारतात?"

हाक मारणारं माणूस
मागच्या आषाढात गेलं, मिरजेला, सिव्हिलमध्ये.
तिकीट तीन दिवसांनंतरचं मिळालं.
आमच्याकडेही, एल्स्पेथ,
एखाद्याच्या नावानं रडतात.
हाक आणि रडणं तिथंच कुठंतरी एक होत असावं.
पण मी काही बोलले नाही.

"मोनी," मी सांगितलं.
"मोनी," ती म्हणाली,
अगदी तशी, शेवटची ई जराशी लांबवून.

पुढचा पेशंट बाहेर खोकला.
तक्त्यावरची सर्वांत वरची, सर्वांत मोठी अक्षरं
मला नीट दिसत नव्हती.