तिसरा प्लग

पुईखडीच्या चढाला टकटक वाढते
आणि उताराला विरते, असं मी सांगत होतो.
दस्तगीर मिस्त्रींनी बॉनेट उघडलं.
"थंडच आणलीस न्हवं? बेस केलंस.
तापली की खोटं बोलती ही."

चौऱ्याऐंशीची पद्मिनी,
आण्णांनी कारखान्याच्या कर्जातनं घेतलेली.

शेजारी लेथवर कुणी बीड कातत होतं.
मिस्त्रींचा उजवा कान त्या आवाजानंच खाल्लाय,
म्हणून हातभर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवलं,
मूठ धरली दातांत,
डोळे मिटले.
सगळं उद्यमनगर ठोकत होतं, ते एकटे गप्प.

"टॅपेट न्हवं. टॅपेट शिलाई मशीनगत बोलतंय.
ह्ये खालनं येतंय, जोत्यातनं."

मग चालू इंजिनात
प्लगच्या टोप्या काढत गेले, एकेक.
पहिली काढली, गाडी लंगडली.
चौथी काढली, लंगडली.
दुसरीला लंगडली, आणि टकटक एकदम मवाळ.
तिसरी काढली
आणि काहीच झालं नाही.

"दुसऱ्याचं बेरिंग बोंबलतंय.
पर तिसरा कवाच बसलाय खाली.
त्येच्या वाट्याचं ह्यो ओढतोय."

इंजिन बंद करून
तिसरा प्लग त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.
काळा, पेट्रोलनं ओला.
वर्षभर मी नुसती टकटक ऐकत होतो.

थोरल्या वहिनींना फोन करायला हवा,
असं का कोण जाणे, तिथंच वाटलं.

"किती होतील?" मी विचारलं.
"आधी च्या सांग," मिस्त्री म्हणाले,
डाव्या कानाकडनं.